दोनानं काय होणार

“राग मानू नकोस शर्मिला, पण लसूण जरा कमी कर,” नम्रता म्हणाली, आणि हात वर करून तिनं डोक्यावरचा एसीचा झोत माझ्याकडं वळवला. कंपनीची बस तेव्हा वारज्याच्या पुलाशी अडकली होती. तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. बोलून झाल्यावर ती लगेच मोबाइलमध्ये शिरली, म्हणजे तिच्या बाजूनं विषय संपला. माझ्या बाजूनं तो संपेना. मी लसूण खाल्लाच नव्हता. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, तासाभरानं दोन ब्राझील नट, एक उकडलेलं अंडं, पोहे, चहा. ह्यात लसूण कुठं आला, असं मी विचारू शकले असते. पण विचारायचं म्हणजे तोंड उघडायचं, आणि तोंड उघडायचं म्हणजे पुन्हा तिच्या नाकाशी जायचं. म्हणून मी तोंड मिटून हिंजवडीपर्यंत बसले आणि तो गार झोत मानेवर घेत राहिले. मला थंडी सोसत नाही. थायरॉईड मंद असलेल्या माणसाला थंडी सोसत नाही हे नम्रताला मीच कधीतरी सांगितलं होतं.

हे ‘राग मानू नकोस’ मला चांगलं ओळखीचं आहे. आधी माणसाचा राग काढून घ्यायचा आणि मग त्याला मारायचं. खडकीच्या शाळेत पाचवीला असताना माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीनंही असंच आधी विचारून घेतलं होतं, तुला राग नाही ना येणार, आणि मग म्हणाली, तुमच्याकडं काय शिजतं गं, तुझ्या दप्तराला वास येतो. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या बाकावर गेली. मी घरी येऊन रडले. माझे वडील, आप्पा, दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते आणि आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. आप्पा शाळेत भांडायला जातील असं मला वाटलं होतं. ते स्वयंपाकघरात गेले. सुकटीचा डबा, बोंबलाची माळ, सगळं त्यांनी कागदात बांधून बाहेर नेलं. काळीज, वजडी, मुंडी हे छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर त्यांनी स्वतः सोडलेलंच होतं, पण आई कधीतरी माहेराहून आणायची, तेही त्या दिवसापासून बंद झालं. लोकांच्या तोंडाला कुलूप घालता येत नाही, आपल्या चुलीला घालता येतं, असं ते म्हणाले. आईला सुकट फार आवडायची. रविवारी कोंबडी व्हायची ती खिडक्या लावून. इतक्या वर्षांच्या ह्या बंदोबस्तानंतर, इंजिनिअर होऊन, टीम लीड होऊन, धायरीला कर्जानं का होईना स्वतःचा फ्लॅट घेऊन, सकाळी पावणेआठला बसमध्ये मला पुन्हा वास येत होता. मला इतका राग आला की ऑफिसात पोचल्यावर मी लॉगिनचा पासवर्ड तीनदा चुकवला आणि मशीननं मला बाहेर काढलं.

राग कुणाचा, हे मात्र तेव्हा पक्कं होतं. नम्रताचा. सदाशिव पेठेतल्या त्या नाकाचा. दुपारी तिनं माझ्या टेबलावर न बोलता पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी ठेवली आणि मी ती तिच्यादेखत कचऱ्यात टाकली. मग बाथरूममध्ये जाऊन ओंजळीत श्वास सोडून हुंगला. वास होता. लसणासारखाच होता, थोडा धातूचाही होता. मी चूळ भरली, जीभ घासली, पुन्हा हुंगला. तो तोंडातून येत नव्हता, आतून कुठून तरी येत होता. आरशात माझे केस दिसत होते. भांगाची रेघ दोन महिन्यांत बोटभर रुंद झाली होती. थायरॉईड आहे म्हटल्यावर केस गळायचेच, असं मी मानून चालले होते. थायरॉईडचा हा एक फायदा असतो. जे काही होईल ते त्याच्या नावावर टाकता येतं.

आमच्या घरात ह्या आजाराला थारा नव्हता, कारण हा आजार मंदपणाचा आहे. आप्पांचं सगळं आयुष्य एका वाक्यावर उभं होतं: आपल्या माणसाला बसलेलं कुणी बघता कामा नये. लोक टपलेलेच आहेत, ते म्हणायचे. आयतं मिळतं म्हणतात, फुकटचं खातात म्हणतात, अंगात काम नाही म्हणतात. दुसऱ्याच्या घरी माणूस दुपारी आडवा झाला तर तो दमलेला असतो. आपल्या घरी झाला तर तो आळशी असतो, तोच नाही, त्याची सगळी जात आळशी असते. हे खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. त्यामुळे आमच्या घरात दिवसा कुणी पाठ टेकायची नाही. तापात सुद्धा आम्ही भिंतीला टेकून बसायचो. पहाटे पाचला उठायचं, वंदना म्हणायची, अभ्यासाला बसायचं. बुद्धजयंतीला आप्पा विहारात भाषण करायचे आणि त्यात उद्यम हा शब्द निदान दहा वेळा यायचा. मी खाली बायकांमध्ये बसलेली असायचे आणि माझ्या शेजारी आई पेंगत असायची.

आई पेंगायची. आईबद्दल आठवायला गेलं की हेच आधी येतं, आणि ते आधी येतं ह्याचाही मला राग येतो. मी आठवीत असेन तेव्हापासून ती हळूहळू मंदावत गेली. चेहरा सुजल्यासारखा, भुवया बाहेरच्या बाजूनं विरळ, आवाज घोगरा. मे महिन्यात स्वेटर घालायची आणि शेजारणी हसायच्या. कणीक मळता मळता थांबायची आणि परातीत हात तसाच ठेवून उभी राहायची. “सुंदरा, झोपलीस का?” आप्पा बाहेरून ओरडायचे. “आळस म्हणजे आळस. माणसानं किती आळशी असावं?” मग तो हात पुन्हा चालू व्हायचा. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही. तेही मंदपणातच जमा झालं. मी आणि माझा भाऊसुद्धा तिला हसायचो. तिचा डबा कधी वेळेवर व्हायचा नाही म्हणून मी कॉलेजात असताना स्वतः पोळ्या करायला शिकले आणि आप्पांनी ते चारचौघांत सांगितलं, पोरगी माझ्यावर गेली म्हणून. चौऱ्याण्णव साली आई गेली. हृदयाचं, असं म्हणाले. पुढं सात-आठ वर्षांनी माझं निदान झालं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का, आणि मी अगदी सहज नाही म्हणून सांगितलं. परत येताना राजाराम पुलाच्या सिग्नलला स्कूटरवर उभी असताना मला परातीतला तो हात दिसला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तरी मला गाडी पुढं घेता येईना. हे मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला, समाधानला नाही, आप्पांना तर नाहीच. सांगून काय झालं असतं? आई गेलेली होती.

आप्पा तेव्हापासून आमच्याकडंच आहेत. पंचाहत्तरी आली तरी काठीसारखे ताठ. समाधानही आयटीतलाच, वर्षातून सहा महिने अमेरिकेत, त्यामुळे घर आप्पा चालवतात, आणि घर चालवणं म्हणजे स्वयंपाकघर चालवणं. आई गेल्यावर ते स्वयंपाक शिकले. हत्यारं मांडावीत तसे डबे मांडून ठेवतात. माझ्या आजाराबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. गोळी मात्र त्यांच्या डोळ्यांत खुपायची. रोज सकाळी मी बाटलीचं झाकण फिरवलं की त्या आवाजासरशी ते पेपर वर धरायचे. “जन्मभर?” असं एकदाच म्हणाले होते. मग गेल्या पावसाळ्यात रविवारच्या पुरवणीत त्यांना काहीतरी सापडलं. थायरॉईडला सेलेनियम लागतं, ते अंड्यात, मासळीत, सूर्यफुलाच्या बियांत असतं, आणि सगळ्यांत जास्त असतं ते ब्राझील नटमध्ये, रोज दोन पुरे. आप्पा हरखून गेले. आजार त्यांना आवडत नव्हता, पण आहार म्हटलं की त्यात शिस्त आली, वेळापत्रक आलं. त्यांनी समाधानला फोन केला आणि समाधाननं परत येणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर चार मोठ्या पिशव्या पाठवल्या. घरी सुट्टीला आलेला माणूस चॉकलेटं आणतो, आमच्याकडं बिया आल्या. रोज सकाळी आप्पा माझ्या तळहातावर दोन बिया ठेवायचे आणि मी त्या खाईपर्यंत समोर उभे राहायचे. म्हातारपणी माणूस मऊ होतो असं मला वाटलं. मला बरंही वाटलं. ते आठवून आता स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

ह्या सगळ्यात माझ्या जिवाला खरा घोर होता तो मैत्रीचा. माझी मुलगी, तेरा वर्षांची. दिवाळीनंतर ती बदलली. शाळेतून आली की सोफ्यावर पडायची. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, वर्गात लक्ष नाही, पेंगते. कंगव्यात केसांचा पुंजका यायला लागला. नखांवर पांढऱ्या आडव्या रेघा आल्या आणि एक नख तर वहीचं पान उलटताना मधेच तुटलं. मी तिची मान रोज चोरून बघायचे, गाठ आहे का, सूज आहे का. आजीचं आईकडं आलं, आईचं तिच्याकडं, असं मनात यायचं आणि मी ते ढकलून द्यायचे. त्यात आप्पांनी सुरू केलं. आधी नुसतं, “उठ बाळा, दिवसा पडू नये.” मग, “काय हे सारखं लोळणं.” आणि एका संध्याकाळी मी चपला काढत असताना बाहेरूनच मला तो शब्द ऐकू आला, त्याच आवाजात, त्याच पट्टीत. “आळशी आहेस तू मैत्री. माणसानं किती आळशी असावं?” मैत्री उठून बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि ती त्यांच्याकडं बघत होती. “आप्पा, तिला तो शब्द वापरायचा नाही,” मी म्हणाले. “मग काय म्हणू?” त्यांनी विचारलं, आणि ते खरोखरच विचारत होते. मी ठरवलं, ती आजारी असेल तर मला कळलं पाहिजे, आणि नसेल तरीही कळलं पाहिजे. आजारी बाईला आळशी म्हणत एक जन्म ह्या घरानं काढला होता. दुसरा मी काढू देणार नव्हते.

म्हणून बसमधल्या त्या वासानंतरच्या शनिवारी मी मैत्रीला घेऊन सिंहगड रोडवर माझ्या डॉक्टर शैलांकडं गेले. मैत्रीच्या रक्ताची तपासणी आदल्या दिवशीच करून घेतली होती. रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता आणि मी तो उघडला नव्हता. डॉक्टरांनी बघितला आणि म्हणाल्या, “हिचं थायरॉईड अगदी व्यवस्थित आहे.” मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मग त्यांनी मैत्रीची नखं बघितली, केस बोटांत धरून हलकेच ओढून बघितले, तिला तोंड उघडायला लावलं आणि जवळ वाकल्या. वाकल्या तशा थांबल्या. हिलाही. माझ्या पोरीलाही वास येतो, आणि वर्गात तिच्या शेजारी कोण बसतं हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

“घरात सेलेनियमच्या गोळ्या वगैरे चालू आहेत का?” डॉक्टरांनी विचारलं. गोळ्या नाहीत, ब्राझील नट आहेत, मी सांगितलं, मी रोज दोन खाते, ही खात नाही. “दोनानं असं होत नाही,” त्या म्हणाल्या. सेलेनियम शरीराला लागतं, तुम्हाला तर लागतंच, पण चिमूटभर. ते गोळीच्या मदतीला असतं, गोळीच्या जागेवर नाही. फार झालं की तेच विष होतं. केस गळतात, नखं तुटतात, माणूस गळून जातो, आणि जास्तीचं सेलेनियम शरीर श्वासावाटे बाहेर टाकतं, त्याचा वास लसणासारखा येतो. सगळं बंद करा, हळूहळू जाईल. त्या हे नीट, सावकाश सांगत होत्या. मग मान वर करून म्हणाल्या, “तुमची चिडचिड होते का हल्ली? राग पटकन येतो? तेही त्यातच येतं.”

इतका वेळ मी शांत होते. हे ऐकलं आणि मला ओरडावंसं वाटलं. म्हणजे आता रागसुद्धा माझा नाही. मंद झाले तर थायरॉईड, चिडले तर सेलेनियम. तीस वर्षं मी जो गिळला, बाकावरचा, बसमधला, परातीतल्या हाताचा, तोही अमेरिकेहून पिशवीत घालून आलेला. मी डॉक्टरांना म्हणाले, “नाही. चिडचिड नाही होत.” त्यांनी तसं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मैत्रीनं विचारलं, “आई, मग मला काय झालंय?” काही नाही झालेलं, मी म्हणाले, जे झालंय ते बरं होईल. ती म्हणाली, “हे दोन्ही सेम नाहीये.” रिक्षात ती माझ्यापासून जरा सरकून बसली. स्वतःच्या श्वासाला भिऊन सरकली हे माझ्या लक्षात आलं आणि मी तिला ओढून जवळ घेतलं. मला नम्रता आठवली. नम्रता खरं बोलली होती. वास होता, तिला आला, तिनं सांगितलं. जो राग मी आठवडाभर तिच्यावर खर्च केला तो चुकीच्या पत्त्यावर गेला होता. म्हणजे त्या शाळेतल्या मुलीवरचा जुना राग परत घ्यावा लागत नव्हता, पण नवा तरी परत घ्यावा लागत होता, आणि परत घेतलेला राग ठेवायचा कुठं हे कुणी शिकवलेलं नसतं. धायरी फाट्याला सिग्नल लागला तेव्हा मला मेथीची भाजी आठवली. दुधीची आठवली. काकडीची कोशिंबीर, मिरचीचा ठेचा, सकाळचे पोहे. आमच्या घरात कूट घातल्याशिवाय काही होत नाही.

आप्पा ओट्याशी होते. गवार शिजत होती आणि ते हातातल्या वाटीतून कूट पेरत होते. मैत्री तिच्या खोलीत गेली. मी पर्स खांद्यावरून न काढताच विचारलं, “आप्पा, हा कूट कशाचा?”

“का? काय झालं?”

“कशाचा ते सांगा.”

“त्याचाच. समाधाननं धाडलेल्या बियांचा.” ते वळलेसुद्धा नाहीत. “शेंगदाण्याऐवजी घालतो. चवीत फरक लागत नाही. तुला लागला का?”

“तुम्हाला दोन सांगितल्या होत्या. तुमच्या त्या पेपरात दोन लिहिलं होतं.”

“दोनानं काय होणार?” आता ते वळले. चेहऱ्यावर ते विहारातल्या भाषणाचं समजावणं होतं. “दोनानं दाताच्या फटी भरत नाहीत. मूठभर शेंगदाणे खाल्ले तर माणूस उभा राहतो, आणि दोन बियांनी तुझ्या गळ्याचं यंत्र चालू होणार? ती पेपरवाली माणसं जपून लिहितात. आपण अंगाला लागेल असं खावं.”

“तुम्ही खाता?”

“मी कशाला खाऊ? महागाची वस्तू. माझी भाजी मी आधी काढून घेतो.”

गॅस मी बंद केला. वाटीतला कूट पांढरट होता, शेंगदाण्याच्या कुटापेक्षा ओलसर. रोज दिसत होता आणि मी रोज जेवत होते. मी त्यांना सांगितलं, एकेक. केस, नखं, वास. बसमधलं सांगितलं. मैत्री सोफ्यावर का पडते ते सांगितलं. तुम्ही तिला विष घालत होतात आणि वर तिला आळशी म्हणत होतात, असं मी म्हणाले. हे वाक्य मी रिक्षात घोकून ठेवलं होतं. ते ऐकून आप्पांचा हात वाटीवर थांबला. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि ओटा पुसायला लागले. स्वच्छच होता.

“पोरीला कशाला घातलंत?” मी विचारलं. “तिला तर काही झालेलंही नव्हतं.”

“होऊ नये म्हणून घातलं,” ते म्हणाले. “तिच्या आजीला झालं. तुला झालं. तिला तरी होऊ नये.”

फडकं फिरत राहिलं. मला क्षणभर काही कळलं नाही, आणि मग कळलं. आजीला झालं. सिग्नलवर मला जे दिसलं होतं ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

“आईला काय झालं होतं आप्पा?”

त्यांनी फडकं नळाखाली धरलं आणि पिळलं.

“आईला काय झालं होतं?”

“गळ्याचंच,” ते म्हणाले. “तू बारावीला होतीस. कारखान्याच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरनं तिचा गळा चाचपून बघितला, रक्त काढलं. मग मला बाहेर बोलावून सांगितलं. जन्मभर गोळी घ्यावी लागेल, पहिले काही महिने आराम द्या म्हणाला.”

“मग?”

“मी तिला सांगितलंच न्हाई.”

माझे वडील ‘न्हाई’ म्हणत नाहीत. गावाकडची बोली त्यांनी माझ्या जन्माआधी टाकली. सभेत बोलावं तसं ते घरात बोलतात, आमच्या ळ आणि ण साठी त्यांनी आम्हाला फटके दिलेले आहेत.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

“ठावं होतं मला.” त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. “आजारी हायेस म्हणलं असतं तर ती बसली असती. एकदा बसलेली बाई उठत न्हाई, मी माझ्या आईला बघितलंय. तिघांचे डबे, पाणी, तुमच्या शाळा, माझी रात्रपाळी. वसाहतीतल्या बाया खिडकीत उभ्याच असायच्या. रतनची बायको भरदिवसा निजती, माझं नाव घेऊन म्हणायच्या. आळशी म्हणलं की तिला चीड यायची अन् ती उठायची. उठत होती. मरेपर्यंत उठत होती. म्हणून तू आज हिंजवडीला जातीस.”

मी त्यांच्या अंगावर धावून जाईन असं मला वाटलं. तेवढा राग होता. इतकी वर्षं माझ्याजवळ जो होता तो अज्ञानावरचा होता, अडाणीपणावरचा, न शिकलेल्या काळावरचा. तसा राग करता करता माफही करता येतो, आणि मी थोडं थोडं करत आले होते. हा वेगळा होता. त्यांना ठाऊक होतं. आई परातीत हात ठेवून उभी राहायची आणि त्यांना ठाऊक होतं. मी हसायचे, ते बघायचे, आणि त्यांना ठाऊक होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांचा हिशेब चुकला नव्हता. मी जातेच हिंजवडीला. मी जे म्हणणार होते ते प्रत्येक वाक्य आईच्या त्या उठण्यावरच उभं होतं, माझी डिग्री, माझा पगार, ही वाटी, हा ओटा, बाजूला सरकून उभं राहून बापाला जाब विचारायची ही माझी हिंमतसुद्धा. “तिला चीड येत नव्हती,” मी कसंबसं म्हणाले. “तिला तुमचं खरं वाटत होतं. ती स्वतःला आळशी समजून मेली आप्पा.” ते गवारीच्या पातेल्याकडं बघत होते. “व्हय,” ते म्हणाले.

मागं हालचाल झाली म्हणून मी वळले. मैत्री दारात उभी होती. कधीपासून ते मला माहीत नाही, पण चेहऱ्यावरून पुरेसा वेळ झाला असावा. ती आप्पांकडं बघतही नव्हती. माझ्याकडं बघत होती, आणि कुठलंही पोर आईकडं बघतं तशी नव्हती बघत.

“आई,” ती म्हणाली, “माझा रिपोर्ट खरंच नॉर्मल आहे? का मी उठावं म्हणून तू पण सांगतेयस?”

“अगं, डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं.”

“तुम्ही दोघी आधी फोनवर बोलला असाल.”

“मैत्री, मी तुला कधी खोटं सांगितलंय?”

“आजीला पण असंच वाटत असेल ना,” ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “मला दे तो.”

मी पर्समधून रिपोर्ट काढून दिला. ती तो तिथंच उभ्याउभ्या वाचायला लागली, बोट ठेवून, आकडा आणि त्याच्या पुढची कंसातली मर्यादा, पुन्हा आकडा, पुन्हा मर्यादा. तिच्या बोटाचं नख अर्धं तुटलेलं होतं. मी समजावायला पुढं झाले, ह्याचा अर्थ असा असतो, हा आकडा ह्या दोहोंच्या मध्ये असला की झालं. तिनं कागद छातीशी धरला, मला दिसणार नाही असा.

“थांब,” ती म्हणाली, “मी नेटवर बघते.” आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला. आप्पा आणि मी ओट्याशी उभे होतो, आणि दोघांपैकी कुणीही तिला हाक मारली असती तरी तिनं ती खरी धरली नसती.